बरोबरीच्या हातची लस

ठाण्याला आमच्या ओसरीवर रोज दिवेलागणीच्या आधी तीन शहाणे जमत आणि जगातल्या देशांची पंगत मांडत. विलायतेचं पान सगळ्यांत वर, त्यात वाद नव्हता. वाद असे तो खालच्या पानांचा. जर्मनी वर की फ्रान्स, अमेरिकेला पंगतीत घ्यायचं की ती अजून पोरसवदा आहे, जपान परवापर्यंत कुठे होता आणि आज एवढा टेचात कसा, आणि या सगळ्यांत आपला देश कितवा. आगगाडीचे मैल, मुलींच्या शाळा, कापसाच्या गिरण्या, मिठावरचा कर, वर्तमानपत्रात जे जे छापून येई ते ते घेऊन ही मंडळी तोलत बसत.

पंगतीचे मुख्य आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे. कलेक्टर कचेरीत शिरस्तेदारी करून त्यांनी पेन्शन घेतली होती, पण हुकूम सोडण्याची सवय काही पेन्शनीत गेली नव्हती. त्यांचा नियम होता की तुलना करावी ती बरोबरीच्यांशी. ऐकायला किती रास्त! पण बरोबरीचा कोण हे मामंजीच ठरवत. विलायत म्हटलं की, "छे, ते राज्यकर्ते." जर्मनी म्हटलं की, "तिथे थंडी, माणूस कामाशिवाय बसूच शकत नाही." जपान म्हटलं की, "लहान घर झाडायला कितीसा वेळ लागतो?" असं एकेक पान उचलता उचलता शेवटी सयाम आणि इराण उरत. मग आपला देश पहिला येई आणि मामंजी समाधानाने पान खात.

दुसरे शहाणे समोरच्या घरातले वकील. त्यांना सरकारला बोल लावायचा असे, म्हणून आपला देश शेवटी यावा अशी त्यांची खटपट. ते नेमकी वरची वरची पानं निवडत. तिसरे वैद्य. त्यांचं म्हणणं एकच, की हे सगळं आपल्याकडे पूर्वी होतंच. आगगाडीसुद्धा.

मी आतल्या दाराआड तांदूळ निवडत हे ऐकत असे. माझं माहेर कल्याणचं. वडील स्टेशनात नोकरीला, त्यांनी मला वाचायला शिकवलं होतं, आणि ही गोष्ट सासरी माझ्या गुणांत धरायची की अवगुणांत हे अजून ठरायचं होतं. देशांचा विषय संपला की मंडळी ठाणे आणि कल्याण यांच्यावर येत. ठाण्याला कचेरी, कोर्ट, तुरुंग! कल्याणला काय? मामंजी मुद्दाम आवाज चढवून म्हणत, "कल्याणकडे काय, गाडी बदलायची आणि पुढे जायचं." हे मला ऐकू जावं म्हणून असे. मला ऐकू जाई. तुरुंग आपल्या गावात आहे याचा अभिमान बाळगणारी माणसं मी तोवर पाहिली नव्हती, पण सुनेने बोलायचं नसतं, म्हणून मी तांदळातला खडा जरा जोरात फेकत असे.

माझी मुलगी तेव्हा वर्षाची होती. पहिली मुलगी, त्यामुळे घरात तिचं कौतुक बेताचं होतं. माझं मात्र सगळं चित्त तिच्यात. त्या साली थंडी सरता सरता गावात देवीची साथ आली. मागच्या आळीत एका दारावर देवी आल्याची खूण म्हणून कडुलिंबाचा डहाळा लागला, मग दुसऱ्या. माझ्या धाकट्या भावाला देवी आल्या तेव्हा मी नऊ वर्षांची होते. तो वाचला, पण दोन्ही डोळे गेले. पुढे तो माझा पदर धरून घरभर फिरे आणि विचारी, ताई, अंधार कधी सरेल? त्यानंतर वडिलांनी कोणाला न जुमानता मला आणि बहिणीला देवी टोचून आणलं. माझ्या दंडावर त्याची खूण आहे. मुलीच्या दंडावर काही नव्हतं. रात्री तिला कुशीत घेतलं की तो मऊ कोरा दंड मला नकोसा होई.

ओसरीवर देवीचीही पंगत मांडून झाली होती. कोणत्या देशात किती मुलांना टोचतात, असं काही वर्तमानपत्रात आलं होतं आणि आपला देश फार खाली होता. वकिलांना आनंद आवरेना. मामंजी चिडले. "जर्मनीत कायदाच आहे! प्रत्येक मूल! आणि आपले लोक? पोरं माळ्यावर लपवतात. अडाणी! या अज्ञानाने देश बुडाला." मी दाराआड होते, कोरा दंड माझ्या मांडीवर होता.

सरकारी देवी काढणारा आमच्याही दारी येऊन तसाच परत गेला होता. त्याचं नाव कोणी घेत नसे, सगळे डॉक्टर म्हणत. तेव्हाची रीत अशी होती की एका मुलाला टोचलं की आठव्या दिवशी त्याच्या दंडावरचा फोड पिकतो. त्यातली लस सुईच्या टोकावर घ्यायची आणि पुढच्या मुलाला टोचायची. त्याच्या हातावरून तिच्या, तिच्या हातावरून आणखी कोणाच्या. दिव्याने दिवा लावत जावा तसं. मामंजींनी डॉक्टरला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं आणि सोयरिकीला आलेल्या माणसाला विचारावं तसं विचारलं, "लस कोणाकडची?"

"खाडीकाठची. मिठागरातल्या मुलाच्या हातची."

मामंजींनी डोळे मिटले. "बरोबरीच्या घरातली असेल तेव्हा या."

"रावसाहेब, बरोबरीच्या घरातली कुठून आणू? वकीलसाहेब म्हणतात आधी शिरस्तेदारांकडे टोचा, मग आमच्याकडे. आपण म्हणता आधी वकिलांकडे. वैद्यबुवा म्हणतात आधी दोघांकडे."

"मग?"

"मूळची लस गाईची होती म्हणतात," डॉक्टर हळूच म्हणाला.

हे ऐकून मामंजींचा चेहरा खुलला. गोमाता! वैद्य तिथे असते तर म्हणालेच असते, की पूर्वी होतंच. पण मग मामंजींना शंका आली, गाईनंतर कोण? डॉक्टरने खरं ते सांगितलं, की गाईनंतर कोण कोण याचा काही पत्ता नाही. झालं. तो पेटी उचलून गेला.

मी यांना गाठलं. हे म्हणजे माझे पती, कचेरीत कारकून, स्वभावाने गरीब. म्हणाले, "मी बाबांना विचारतो." आणि खरंच विचारलं, हीच त्यांची चूक. विचारलं की नाही म्हणतात, हे इतकी वर्षं त्या घरात काढून त्यांना कळलं नव्हतं.

आमच्या परसदारी मिठाची पाटी घेऊन एक बाई येई. खाडीपलीकडे कळव्याच्या अंगाला तिच्या माणसांची मिठागरं. अंगाने काटक, बोलायला ठसकेबाज. त्या दिवशी तिच्या कडेवर तीनेक वर्षांची मुलगी होती आणि मुलीच्या दंडावर टपोरे फोड. माझी नजर तिथून हलेना. ती हसली.

"काय बगतंस बाय? देवी टोचलीय. डाक्तर बोलला, बेस फोर आयलान."

"आठवा दिवस कधी?"

"उद्या. बंदरावर बसनार हाय तो. पन टोचाला पोरां कोन हायेत? आमचे लोक बी घाबरतान, पलून गेलेत. उद्या कोनी नाय आला त सुकून जाल सगला."

मी मागचापुढचा विचार केला नाही. "माझ्या मुलीला देशील?"

तिने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मग म्हणाली, "देन. मना काय! पन एक हाय. माजा धाकला तापान हाय, त्याला आता टोचाचा नाय बोलला डाक्तर. आठ दिसांनी तुजे पोरीचे हातची लस त्याला पायजे. देशील?"

"देईन," मी म्हणाले. एवढंच बोलणं झालं. त्याहून मोठे करारमदार मी पुढे पुष्कळ पाहिले, ते सगळे कागदावर होते आणि बहुतेक मोडले.

सासूबाई चुलीपाशी होत्या. परसातलं बोलणं त्यांना स्वयंपाकघरात ऐकू जातं हे मी विसरले होते. वर न बघता त्या म्हणाल्या, "उद्या मुलीला घेऊन देवळात जाऊन ये. आणि येताना विहिरीवर अंघोळ करूनच घरात ये. मला काही सांगू नकोस." दोन मुलं त्यांनी देवीत घालवली होती. हे मला फार नंतर कळलं, तेव्हा फक्त एवढं वाटलं की या बाईच्या पायावर डोकं ठेवावं.

बंदरावर पिंपळाखाली डॉक्टर बसला होता. मिठवाल्या बाईने आपल्या मुलीचा हात धरला, मी माझीचा. दोघी पोरी एकाच सुरात रडल्या. माझ्या मुलीच्या दंडावर रक्ताचा ठिपका उमटला आणि मला हसूच फुटलं.

पाचव्या दिवशी फोड दिसू लागले आणि मामंजींना कळलं. त्यांनी घर डोक्यावर घेतलं. माझ्याशी थेट बोलण्याची रीत नव्हती, म्हणून ते खांबाकडे बघून ओरडत होते. "कोणी टोचलं? कोणाच्या हातची?" मी मान खाली घालून उभी. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "कल्याणहून व्याह्यांनी व्यवस्था केली. तिथल्या एका चांगल्या घरातल्या मुलाच्या हातची आहे." इतकं सफाईदार खोटं मी कोर्टाच्या गावात राहूनही तोवर ऐकलं नव्हतं.

चांगल्या घरातली, म्हणजे प्रश्न मिटला. पण कल्याण आपल्या पुढे गेलं हे मामंजींना खुपलं. संध्याकाळी ओसरीवर त्यांनी ती बातमी अशी सांगितली की जणू टोचण्याचा हुकूम त्यांनीच सोडला होता. आणि मग काय विचारता! बरोबरीच्या हातची लस आळीत आली! वकिलांना दोन नातू, वैद्यांना एक, शिवाय आळीतली आणखी तीनचार घरं. मुलीच्या हातची लस मुलाला चालते का, अशी एक शंका निघाली. वैद्यांनी डोळे मिटून आपद्धर्मात चालते असा निर्वाळा दिला. ज्या मुलीच्या बारशाला या मंडळींनी पेढ्याऐवजी बत्तासे पुरे म्हटलं होतं, तिच्या दंडाची ते आता चौकशी करू लागले.

आठव्या दिवशी ओसरी भरली. मामंजींनी पोरांची रांग लावली, मानाप्रमाणे. आधी वकिलांचा थोरला नातू, मग वैद्यांचा, मग आळीतले, आणि वकिलांचा धाकटा तान्हा असल्याने शेवटी. डॉक्टर आला. त्याने माझ्या मुलीचा दंड पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही. सरकारी नोकर होता, पण माणूस चांगला होता.

इकडे परसदारी ती आली होती. धाकट्याला फडक्यात गुंडाळून विहिरीच्या कठड्याशी उभी. ताप उतरला होता. मी डॉक्टरला आतून निरोप धाडला होता की मागे एक मूल आहे. त्याने मान हलवली होती. पण ओसरीवर एकामागून एक पोर पुढे येत होतं आणि फोड रिता होत होता. मी मुलीला मांडीवर घेऊन बसले होते, पदर पुढे ओढून. पोर रडलं की मामंजी म्हणत, "शाबास! आता जर्मनीने येऊन बघावं."

वकिलांचा धाकटा तेवढा उरला. डॉक्टरने फोड दाबून पाहिला आणि म्हणाला, "आता एकाच मुलापुरती आहे."

वकिलांची सून पोराला पुढे घेऊन आली. माझ्याच वयाची, घाबरट, कधी कोणाशी बोलत नसे. तिचं पोर गोरंगोमटं, हसत होतं. मला त्याचा राग कसा येणार? पण विहिरीपाशी दुसरं उभं होतं आणि त्याच्या आईला मी शब्द दिला होता. मी मुलीचा दंड पदराखाली घेतला.

"ही लस दुसऱ्याची आहे," मी म्हणाले. ओसरीवर पुरुषांसमोर मी काढलेलं ते पहिलं वाक्य. मामंजींनी चमकून चक्क माझ्याकडे पाहिलं, खांबाकडे नाही.

"कोणाची?" वकिलांनी विचारलं.

"मागे मिठवाली उभी आहे, तिच्या मुलाची. तिच्याच मुलीच्या हातची ही आहे. कल्याणची नाही. तिचं तिला परत द्यायचं आहे."

मग वकिलांनी झडप घालून नातू सुनेच्या हातातून उचलला आणि चपला न घालता समोरच्या घरात गेले. बाकीच्यांनीही आपापली पोरं बखोटीला धरली. देशाच्या प्रगतीची मोजदाद करणारी ओसरी शिंक यायच्या आत मोकळी झाली. लस तेवढी पोरांच्या अंगात राहिली, ती काही परत काढता येईना.

डॉक्टरने सुई हातात धरून शांतपणे विचारलं, "चला मागे?"

विहिरीपाशी त्या बाईच्या मुलाला टोचलं. ती म्हणाली, "मना वाटला, तू इसरलीस." मी तिथेच कठड्यावर बसले.

पुढे यथासांग व्हायचं ते झालं. टोचलेल्या पोरांना पंचगव्य पाजलं, दक्षिणा गेली. मामंजी महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. तसे ते आधीही बोलत नसत, त्यामुळे शिक्षा फारशी जाणवली नाही. पंगत मात्र दोनच दिवस बंद होती. तिसऱ्या दिवशी वैद्यांनी विषय काढला की रशिया आपल्या बरोबरीचा धरावा का, आणि गाडी रुळावर आली.

आठवड्याने भरदुपारी परसदार वाजलं. पाहते तो वकिलांची सून. पोर छातीशी, ओठ कोरडे. समोरच्या बोळात तिसऱ्या दारावर डहाळा लागला होता. ती कुजबुजली, "त्या बाईच्या मुलाचा हात पिकला असेल ना?"

"तुझ्या सासऱ्यांना विचारलंस?"

"विचारलं तर नाही म्हणतील."

माझ्या यांना जे कळलं नव्हतं ते या घाबरटीला कळलं होतं. सासूबाईंनी चुलीकडून आवाज दिला, "दोघी देवळात जाऊन या."

बंदरावर ती बाई होती. टोचण्याला भिऊन पळालेले लोकही साथ वाढलेली पाहून पोरं घेऊन परतले होते. तिने वकिलांच्या सुनेला ओळखलं. त्या दिवशी परसातून तिने सगळं ऐकलं होतंच. मला वाटलं, आता ही हाकलून देणार. ती म्हणाली, "पयले आमची पोरां. मंग तुजा." वकिलांची सून उन्हात उभी राहिली. शेवटी तिचा नंबर लागला. लस उरली होती. टोचून झाल्यावर बाई म्हणाली, "आठव्या दिशी हितंच यायचा. आमची अजून हायेत."

वकिलांच्या सुनेने मान हलवली. परतताना वाटभर ती रडत होती. पुढचे दिवस तिने पोराला लांब बाह्यांचं अंगडं घालून ठेवलं. ऐन उन्हाळ्यात! वकील ओसरीवर सांगत, की सून नातवाला विलायती पद्धतीने वाढवते आहे.

आठव्या दिवशी ती येईल असं मला खरंच वाटलं नव्हतं. घ्यायला सगळे येतात. फोड पिकल्यावर दार लावून घेणारे मी आमच्याच आळीत पाहिले होते. ज्यांना ओसरीवर टोचलं त्यांतलं एकही पोर डॉक्टरला पुन्हा दिसलं नव्हतं. मी परसात वाट पाहून आत वळले तोच ती आली. बंदरावर तिने स्वतः अंगड्याची बाही वर सारली, पोराचा हात घट्ट धरला आणि डॉक्टरला म्हणाली, "घ्या." मिठागरातली पोरं एकेक करून पुढे आली. तिचं पोर दर वेळी किंचाळे. ती दर वेळी डोळे मिटून घेई, पण हात सोडत नव्हती.

त्या संध्याकाळी ओसरीवर मोठी बैठक होती. कलेक्टर साहेबाकडून असं कळलं होतं की यंदा देवी टोचण्यात ठाणं कल्याणच्या पुढे गेलं. मामंजींनी शेजारी पेढे वाटले. मग मूळ प्रश्न निघाला, की एवढं असूनही आपला देश बरोबरीच्या देशांत मागे का. पुष्कळ ऊहापोह झाला. शेवटी तिघांचंही पहिल्यांदाच एकमत झालं, की याचं मुख्य कारण बायकांचं अज्ञान. वकिलांनी त्यावर निबंध लिहायचं कबूल केलं.

मी दाराआड होते. मुलगी दंडावरची खपली खाजवत होती, म्हणून तिचा हात धरून बसले होते.